रिकाम्या आठवड्यातला सोमवार

टोलेडो, १४ फेब्रुवारी २०१८

डेल,

हे पत्र तुझ्या हाती पडण्याआधी तुरुंगातलं कोणीतरी ते उघडून वाचणार, असं तिथल्या खिडकीवरच्या बाईने मला बजावून सांगितलं. तेव्हा आधी त्या वाचणाऱ्याला नमस्कार. माझा धाकटा भाऊ स्वभावाने गरीब आहे. सकाळची कॉफी पोटात गेल्याशिवाय तो कोणाशी धड बोलत नाही, तेवढं मनावर घेऊ नका.

आता तू. जेवतोस का? झोप लागते का? तुझं गुडघ्याचं औषध घेऊन गेले होते, ते त्यांनी ठेवून घेतलं नाही. डॉक्टरची चिठ्ठी आणा म्हणाले. आणते.

सोमवारी मी कोर्टात नव्हते, याचं मला फार वाईट वाटतंय. ऑफिसच्या बैठकीसाठी कोलंबसला गेले होते. सोमवारी पहाटेच परत निघाले, तर फिंडलेच्या अलीकडे बर्फाने रस्ता बंद. ट्रक आडवे पडले होते. त्या पट्ट्यात वारा कसा येतो ते तुला माहीतच आहे. त्यात फोनची बॅटरी संपली. गाडीतच अडकून पडले आणि घरी पोचेपर्यंत तुझं सगळं उरकलं होतं. एरवी सोमवारी कोर्टात येणाऱ्या मिस अर्नेस्टीन आणि चर्चच्या बाकीच्या बायकांनाही त्या दिवशी यायला जमलं नाही म्हणे. का, ते मी विचारलं नाही.

काय झालं ते तुझ्या वकीलबाईंकडून कळलं. गाडीचा मागचा एक दिवा बंद, म्हणून पोलिसाने अडवलं. मग जुन्या दंडाचं समन्स निघालं, जे तू केव्हाच सोडलेल्या घराच्या पत्त्यावर गेलं होतं. आणि वर तू त्याला ढकललंस असं त्याने लिहून दिलं. तू ढकलणार? आईचा मार खातानासुद्धा तू हात मागे बांधून उभा राहायचास. जज्ज म्हणाला, हा माणूस एकदा तारीख चुकवलेला, गावात त्याच्यासाठी उभं राहणारं कोणी दिसत नाही, तेव्हा पुढच्या सुनावणीपर्यंत आतच राहू दे. हे सांगताना वकीलबाई माझ्याकडे बघत नव्हत्या.

आता मुद्द्याचं. एक दोन दिवसांत तुझ्यासमोर कागद ठेवतील. पोलिसाच्या कामात अडथळा आणला एवढं कबूल कर आणि आजच्या आज घरी जा, असं गोड बोलून सांगतील. डेल, सही करू नकोस. अडथळा लहान वाटला तरी तो गुन्हा म्हणून तुझ्या नावावर बसेल, आणि गुन्हा नावावर असलेल्या माणसाच्या हाती इथे शाळेची बस देत नाहीत. मार्चच्या सुनावणीत पोलिसाच्या छातीवरच्या कॅमेऱ्यातलं चित्रण दाखवतील, मग हे प्रकरण टिकणार नाही असं वकीलबाई म्हणतात. तोवर कळ काढ.

तुझ्या जागी एक बदली ड्रायव्हर आलाय. काल माझ्या कोपऱ्यावर त्याने बस अशी वळवली की आतली सगळी पोरं एका बाजूला. ती दोन वेण्यांची मुलगी, तुला उशीर झाला की दम देणारी, ती खिडकीतून बाहेर बघत होती. तुझी वाट बघणारी माणसं आहेत.

शनिवारी भेटायला येते.

तुझी बहीण,
नीटा


टोलेडो, २३ फेब्रुवारी

डेल,

शनिवारी आले होते. काचेपलीकडची खुर्ची रिकामी ती रिकामीच. पहारेकरी येऊन म्हणाला, तो नको म्हणतोय. मी म्हटलं, पुन्हा विचारा, सांगा मोठी बहीण आलीये. तो म्हणाला, तेच सांगितलं.

मिस अर्नेस्टीनना मात्र तू भेटलास. तिथून त्या सरळ माझ्या घरी आल्या. कोट काढला नाही, बसा म्हटलं तर बसल्या नाहीत. तू काय म्हणालास म्हणून विचारलं तर म्हणाल्या, "फारसं काही नाही. म्हणाला, नीटाला सांगा, मी वळून पाहिलं होतं."

एवढं सांगून त्या निघून गेल्या.

आता खोटं नाही सांगत. गेल्या पत्रात मात्र सांगितलं. कोलंबसची बैठक गुरुवारी होती. सोमवारी ना बर्फ होता ना ट्रक. सोमवारी सकाळी मी कोर्टासमोरच्या पार्किंगमध्ये होते, गाडीत, काच वर करून. तुला आत नेलं असेल, तुझं नाव पुकारलं असेल, हे सगळं मनात धरून मी तिथे बसले होते. फोनही चालू होता.

तुला कोर्टातलं ते मागचं बाक भरलेलं दिसेल अशी खात्री असणार. का नसावी? चर्चची व्हॅन तूच चालवायचास. रविवारी चर्चच्या दारात उभ्या राहून लोकांना जागा दाखवणाऱ्या त्या बायका, पांढरे कपडे, पांढरे हातमोजे, त्यांना तूच सोमवारी कोर्टात नेऊन सोडायचास. शनिवार-रविवारी पकडलेल्या माणसांना जज्जसमोर उभं करतात, जज्ज चष्म्यावरून बघत विचारतो, "कोणी आलंय का यांच्यासाठी?" आणि मग मागचं अख्खं बाक उठून उभं राहतं. एक अक्षर बोलत नाहीत. ज्याच्यासाठी उभ्या राहतात त्याचं नावसुद्धा त्यांना ठाऊक नसतं. तू एकदा म्हणाला होतास की त्या वेळी जज्जचा आवाजच बदलतो. मी ते विसरले नव्हते. खरं म्हणजे तिथूनच सगळं सुरू झालं.

तू नेहमी टोमणा मारतोस की नीटा दिवसभर करते काय, दुसऱ्याचे पैसे तिसऱ्याला देते. बरोबर आहे. आमचं फाउंडेशन संशोधनाला पैसे देतं आणि कोणाला द्यायचे ते मी सुचवते. त्याच गुन्ह्यासाठी काळा माणूस आत राहतो आणि गोरा घरी जातो, हे का होतं आणि कशाने कमी होईल, याचा अभ्यास करणारे लोक माझ्याकडे येतात. तुझं ते जज्जच्या आवाजाचं मी प्रोफेसर लिंडक्विस्टना सांगितलं. त्या म्हणाल्या, हे आकड्यांत दाखवता आलं तर काउंटी दर कोर्टात, दर आरोपीमागे माणूस उभा करायला पैसे देईल. पण दाखवायचं तर काही आठवडे बाक भरलेलं हवं आणि काही आठवडे रिकामं, आणि कुठला आठवडा कसा ते संगणक चिठ्ठी टाकून ठरवणार. वकिलांना, जज्जला, कोणालाही आधी कळता कामा नये. म्हणून व्हॅनच्या ड्रायव्हरलाही सांगायचं नाही. तुला वाटायचं की बायकांना थंडी सोसत नाही, म्हणून त्या मधेच सोमवार चुकवतात.

चर्चच्या तळघरात मी त्या बायकांना हे समजावून सांगितलं. मिस अर्नेस्टीननी एकच विचारलं, रिकाम्या आठवड्यात जे उभे राहतील त्यांच्यामागे कोण? मी म्हटलं, तुम्ही सुरू करायच्या आधी तरी त्यांच्यामागे कोण होतं? मला वाटलं, काय छान उत्तर दिलं मी.

तुझा सोमवार रिकाम्या आठवड्यातला निघाला, डेल. आणि संशोधनाचा आणखी एक नियम होता, पैसे देणाऱ्या संस्थेच्या कोणीही त्या कोर्टात पाऊल ठेवायचं नाही. म्हणून मी गाडीत. नियम म्हणजे नियम, असं मी स्वतःला सांगत होते.

माझ्यावर राग काढ. हवा तेवढा काढ. पण त्या रागात सही करू नकोस. कॅमेऱ्यात तुझे दोन्ही हात वर दिसतात, वकीलबाईंनी स्वतः बघितलंय. सुनावणी जवळ आलीये.

नीटा


टोलेडो, ९ मार्च

डेल,

हे टपालाने पाठवत नाही, तुझ्या दारातल्या पेटीत टाकून जाते. आता ते दुसरं कोणी उघडून वाचणार नाही.

तू मंगळवारी सही केलीस. मला कळलं बुधवारी, तेही शाळेत काम करणाऱ्या शेजारणीकडून. म्हणाली, मिस्टर डेलला काढलं का हो, मुलं विचारतायत. काल मी मक्याचा ब्रेड आणि पालेभाजी घेऊन आले होते. आत दिवा होता, टीव्ही चालू होता. मी बेल वाजवली तसा टीव्ही बंद झाला. भांडं पायरीवर ठेवून गेले. आज येऊन बघते तर भांडं धुऊन, पालथं घालून त्याच पायरीवर. जेवलास की टाकून दिलंस ते काही कळायला मार्ग नाही. आईने तुला बाकी काही शिकवलं नसेल, भांडं धुऊन परत करायला मात्र शिकवलं.

वकीलबाई म्हणाल्या, तुझ्या शेजारच्या खाटेवरचा माणूस आजारी पडला, रात्रभर ओरडत होता, कोणी आलं नाही, आणि सकाळी तू म्हणालास की कागद आणा. एवढे दिवस तू काढलेस तेच खूप झालं. त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, जी मी विचारली नव्हती. त्या सोमवारी तुझ्या आधी एक गोरा पोरगा उभा होता. त्याने दोन तारखा चुकवल्या होत्या. त्याच्याही मागे कोणी नव्हतं. जज्जने विचारलं, आई कुठे आहे तुझी? तो म्हणाला, कामावर. जज्ज म्हणाला, बरं, घरी जा आणि तारीख विसरू नकोस. मग तुझं नाव पुकारलं.

गेल्या पत्रात मी नियमाच्या आड लपले. तो नियम, संस्थेच्या कोणी कोर्टात जायचं नाही हा, प्रोफेसरांनी केलेला नाही. तो मी लिहिला. त्यांनी मागितलाही नव्हता. आपलं काम किती चोख आहे हे दाखवायला मी तो आपणहून घातला आणि बैठकीत सगळ्यांनी वा वा केली.

आणि आता ते सांगते जे मला सांगायचं नव्हतं. रविवारी चर्च सुटल्यावर मिस अर्नेस्टीनचा फोन आला होता. म्हणाल्या, "नीटा, उद्या जायचं नाही असा निरोप आलाय. पण उद्या आपला डेल आहे."

मी म्हटलं, मला माहीत आहे.

"तू एक शब्द बोल, मी हातमोजे घालते. तुझा तो संगणक गेला खड्ड्यात."

मी म्हटलं, "मिस अर्नेस्टीन, तुम्ही शब्द दिलाय. एकदा मोडला तर सगळंच खोटं ठरेल."

त्या म्हणाल्या, "बरं. आम्ही नाही जात. पण तू तर जाशील ना? तू घरचं माणूस आहेस, तुला कोण अडवणार?"

मी म्हटलं, "बघते."

बघते म्हटलं मी, डेल. त्यावर विसंबून त्या घरी बसल्या. त्यांना वाटलं बाक अगदीच रिकामं नसेल, एक तरी माणूस असेल. तुझ्या मागे पाच जणी उभ्या राहिल्या असत्या, त्यांना मी घरी बसवलं आणि स्वतः गाडीत बसले. मला लाज वाटते. हे लिहिताना वाटते, तुझ्या दारात आले की वाटते, पांढरा हातमोजा दिसला की वाटते.

बसच्या कामासाठी अर्ज फेरविचाराला देता येतो. मी चौकशी करते. तू म्हणशील, तू काही करू नकोस. तरी करते.

नीटा


टोलेडो, २१ जून

डेल,

अर्ज फेटाळला. तुला कळलं असेलच. तू आता मासळीबाजारामागच्या गोदामात रात्रपाळीला माल चढवतोस हेही मला कळलं. गुडघ्याला पट्टा बांधत जा.

तू वाचत नसशील तरी हे लिहायलाच हवं, कारण यातलं अर्धं माझं नाहीच, तुझं आहे.

गेल्या आठवड्यात प्रोफेसर लिंडक्विस्ट निकाल घेऊन आल्या. बाक भरलेलं असलेल्या आठवड्यांत काळ्या आणि गोऱ्या माणसांमधलं अंतर निम्म्याहून खाली आलं. रिकाम्या आठवड्यांत ते होतं तिथेच राहिलं. इतकं स्वच्छ उत्तर त्यांनी आजवर पाहिलं नव्हतं. त्यांचे डोळे भरून आले होते, बाई चांगली आहे. आणि मलाही आधी आनंदच झाला. तो काही क्षणच टिकला, पण झाला. तुझ्यापासून आता काही लपवायचं नाही असं ठरवलंय, म्हणून हेही लिहिते.

मग मी त्यांना म्हटलं की रिकाम्या बाकांपुढे उभ्या राहिलेल्यांत एक माझा भाऊ आहे.

त्यांनी हातातला कागद खाली ठेवला. म्हणाल्या, "हे तुम्ही मला फेब्रुवारीतच सांगायला हवं होतं."

"सांगितलं असतं तर तुम्ही काय केलं असतं?"

"त्यांना त्याच दिवशी अभ्यासातून वगळलं असतं. पैसे देणाऱ्यांचा नातलग अभ्यासात चालतच नाही. मग त्यांच्यामागे कोणी उभं राहिलं काय आणि न राहिलं काय, आम्हाला काहीच फरक पडला नसता."

हे वाक्य मी तुला जसंच्या तसं लिहून दिलंय. मी पुन्हा विचारलं, म्हणजे मी रविवारी तुम्हाला नुसता फोन केला असता, तर त्या बायका जाऊ शकल्या असत्या? त्या म्हणाल्या, अर्थात. तुम्हीही.

एक फोन. मिस अर्नेस्टीन हातमोजे घालायला तयार बसल्या होत्या आणि तिकडे प्रोफेसरबाई हो म्हणायला. मधे मी होते. शब्द आणि नियम आणि सगळं खोटं ठरेल, ही माझी सगळी मखलाशी. अभ्यास वाचवायला मी तुला आत राहू दिलं असं मी चार महिने मनाला समजावत होते. त्यातही थोडा मोठेपणा होता बघ. पण तू आत राहिल्याने अभ्यासाचं काडीइतकंही भलं झालं नाही.

आणि मग त्यांनी तेच केलं जे करायला हवं. तुझी नोंद काढून टाकली. एक माणूस कमी झाल्याने निकालात काही बदल होत नाही, असं मला धीर द्यायला म्हणाल्या. अहवाल छापून येईल तेव्हा त्यात तू नसशील. बाकासमोर उभा होतास, वळून पाहिलंस, आत गेलास, बस गेली, आणि आकड्यांतसुद्धा तुझं काही झालेलं नाही.

मी फोन का केला नाही, हे तू विचारशील. विचारणार नाहीस, पण मीच सांगते. ऑफिसात कोणालाही माहीत नव्हतं की माझा भाऊ आत आहे. तिथे मी एकटी काळी आहे, डेल. इतक्या वर्षांत मी तिथे कधी आवाज चढवला नाही, कधी उशिरा गेले नाही, आणि मला नको होतं की त्यांनी मान हलवून म्हणावं, हिच्याही घरी तेच. प्रोफेसरबाईंना फोन करायचा म्हणजे ते तोंडाने म्हणायला लागलं असतं. नियम मला नंतर सुचला. आधी मला तुझी लाज वाटली. दिवसभर ज्या गोष्टीविरुद्ध मी बोलते, तीच माझ्या पोटात होती.

फाउंडेशनला आता आणखी एक वर्ष हाच अभ्यास हवाय, शेजारच्या दोन काउंटींसकट. पुन्हा चिठ्ठ्या, पुन्हा रिकामे आठवडे. काउंटीचे कमिशनर म्हणतात, एका कोर्टावरून आम्ही पैसे काढणार नाही, आणखी दाखवा. मिस अर्नेस्टीनना विचारायला मी गेले. त्या अंगणात टोमॅटोला काठ्या बांधत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "माझ्याकडे रिकामा आठवडा उरलेला नाही. त्यांना सांग, दुसरीकडून आणा." मी तेच बोर्डापुढे सांगितलं. म्हटलं, अभ्यास जरूर करा, पैसे द्या, पण भरलेलं बाक रिकामं करून नको. जिथे अजून कोणीच जात नाही तिथे एकेका कोर्टात माणसं न्या आणि आधीचं नंतरचं मोजा. उशीर लागेल, आकडे इतके स्वच्छ येणार नाहीत. आणि तुझं नाव घेऊन सांगितलं, माझा भाऊ, डेल्विन. मग अध्यक्ष म्हणाले, विचार करू.

विचार करून त्यांनी मला बागांच्या कामावर टाकलंय. आता मी सार्वजनिक उद्यानांना पैसे देते. तू हसला असतास.

नीटा


टोलेडो, १० सप्टेंबर

डेल,

हे तुला सांगायची गरज नाही, तू तिथेच होतास. तरी लिहिते, कारण तू बाजूच्या दाराने निघून गेलास आणि मी जिना उतरेपर्यंत तुझी गाडी वळली होती.

मी आज तुझ्यासाठी आले नव्हते. तू तिथे असशील हे मला कोणी सांगितलं नव्हतं, मिस अर्नेस्टीननीसुद्धा. मागाहून विचारलं तर म्हणाल्या, तू कधी विचारलंस? मार्चपासून येतो तो. रात्रपाळी संपली की अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून येतो आणि नंतर घरी जाऊन झोपतो.

म्हणजे मी तुझ्या पायरीवर भांडी ठेवत होते तेव्हा तू सोमवारी त्या बाकावर बसत होतास.

कोर्टाचं दार उघडून मी आत पाऊल ठेवलं. इतकी वर्षं या खोलीबद्दल मी बोलले, अहवाल वाचले, आत मात्र पहिल्यांदाच आले. ती एवढी लहान असेल असं वाटलं नव्हतं. बाकावर पाच पांढऱ्या पाठी आणि टोकाला एक रुंद, निळ्या शर्टातली. तुझी मान मी कुठेही ओळखेन. मागे फिरावं असं वाटलं. पुढे एक माणूस उभा होता, आपल्यातलाच, विशीतला, हात पुढे बांधलेले. जज्जने चष्म्यावरून बघून विचारलं, "कोणी आलंय का यांच्यासाठी?"

तुम्ही सगळे उठलात. मी दारातच उभी होते, बाहेरही नाही आणि आतही नाही.

तो तरुण वळला. त्याने तुम्हा सगळ्यांवरून नजर फिरवली. त्याच्या ओळखीचं त्यात कोणी नव्हतं, ते त्याच्या तोंडावरच दिसलं. आधी त्याला काही कळेना, मग त्याचे खांदे खाली आले आणि त्याने श्वास सोडला. ते बघितलं आणि मला कळलं की तू वळलास तेव्हा काय शोधत होतास. इतके दिवस मला वाटत होतं की तू मला शोधत होतास. तेवढंसुद्धा नको होतं तुला. कोणीही चाललं असतं.

तो घरी गेला. जज्जने त्याला तारीख दिली आणि तो घरी गेला.

तुम्ही खाली बसलात. मिस अर्नेस्टीननी मला पाहिलं आणि पुन्हा पुढे बघायला लागल्या. आणि मग तू डोकं जरासं वळवलंस, माझ्याकडे नाही, माझ्या बुटांच्या आसपास कुठेतरी. डावा हात पाठीमागे. पांढऱ्या हातमोज्यातला उजवा हात छातीपाशी आणलास आणि एक बोट वर केलंस.

लहानपणी रविवारी चर्चच्या दारात आईच्या हाताखाली आपण दोघं ते शिकलो होतो. एक बोट म्हणजे एकाला जागा आहे. मग तू सरकलास.

मी येऊन बसले. आपल्यात वीतभर अंतर होतं. तुझ्या हातमोज्याची शिवण अंगठ्यापाशी उसवली आहे. पुढचं नाव पुकारलं, जज्जने विचारलं, आणि आपण उभे राहिलो, बसलो, पुन्हा उभे राहिलो. शेवटचा माणूस जाईपर्यंत तू माझ्याशी बोलला नाहीस आणि मीही बोलले नाही.

दारावर उभं राहणाऱ्याने आत येणाऱ्याला जागा द्यायची असते, तो कोण आहे ते विचारायचं नसतं. आई हेच सांगायची. तेव्हा ते बोट मला होतं की उशिरा आलेल्या कोणालाही तू केलं असतंस, हे मी तुला विचारणार नाही. तू मला माफ केलंस असं मी धरून चालत नाही. भांडं पालथं घालून ठेवत जा, मी ते घेऊन जाईन.

पुढच्या सोमवारी मी येते. बघते असं म्हणत नाही, डेल. येते.

नीटा